छाजेड सरांच्या तासाला आलेला चोर

१

चोर आला तेव्हा छाजेड सर फळ्यावर 'साक्षीदार' हा शब्द लिहीत होते आणि तो शब्द काही केल्या पुरा होत नव्हता. खडूचा तुकडा उरला होता हरभऱ्याएवढा. दर अक्षराला सरांचं नख फळ्यावरून जायचं आणि तृतीय वर्ष मानसशास्त्राच्या बावीस पोरापोरींच्या दाढांतून कळ निघायची.

पहिल्या बाकावरच्या हेमलता नेहेतेनं तर दोन्ही कानांत बोटं घातली. तिचे कान म्हणजे कान नव्हतेच, सापळे होते! फैजपूरला घरात बसल्या बसल्या ती सांगायची, कुणाच्या ओट्याला कुणाची सायकल टेकली ते.

"सर, तुमच्या खोलीतून नवा खडू आणू?"

"असू दे, असू दे. खडूवाचून कुणाचं अडत नाही," सर म्हणाले.

आणि दार धाडकन उघडलं.

तोंडाला रुमाल गुंडाळलेला एक जण आत शिरला. त्यानं सरांच्या टेबलावरचं स्टॉपवॉच उचललं आणि कुणाच्या तोंडून 'अरे!' निघायच्या आत तो व्हरांड्यातून पसार झालासुद्धा. पोरी किंचाळल्या. मागच्या बाकावरून जीवराम ओरडला, "धरा! धरा त्याला!" आणि स्वतः मात्र बाकाला घट्ट धरून बसला.

छाजेड सर शांतपणे हात झटकत होते.

"बसा. कागद काढा. चोर कसा होता, काय पाहिलंत, ते लिहा."

तेव्हा कुठं उजेड पडला. प्रयोग होता हा! चोरही सरांनीच ठरवून आणलेला. गुन्हेशास्त्राच्या पेपरात साक्षीदाराच्या स्मृतीचं प्रकरण होतं आणि सरांना दाखवायचं होतं की माणूस डोळ्यांनी पाहिलेलं कसं बघता बघता नासवतो.

आणि नासवलं की हो! कुणी लिहिलं, चोर सहा फुटी होता. कुणी लिहिलं, बुटका. रुमालाआडची मिशी चौघांना दिसली. निम्म्या वर्गानं त्याच्या हातात चाकू दिला. हेमलतेनं छातीठोकपणे पांढरा शर्ट लिहिला, आणि सरांनी हसत हसत सांगितलं की शर्ट हिरवा होता.

हेमलतेला स्वतःचाच असा राग आला म्हणता! याच पेपरासाठी ती केळीच्या बागा सोडून धुळ्याला आली होती. "पोरी, येड्यायचं शास्त्र शिकून तुले काय भेटीन?" असं आबा दर सुट्टीत विचारायचे आणि ती दर सुट्टीत भांडायची. शेवटचं वर्ष उजाडलं, आणि तिला हिरवं पांढरं कळत नव्हतं!

तास सुटल्याची घंटा होऊन बराच वेळ झाला, तरी कागद वाचणं चालूच होतं. "आता खरा चोर बघा," सर शेवटी म्हणाले. "मी त्याला सांगून ठेवलंय, घड्याळ माझ्या खोलीत टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकून जा. आणतो मी."

सर गेले ते हसत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून टाकल्यासारखं गेलं होतं.

"डब्यात फक्त खडू आहेत," ते म्हणाले. "घड्याळ नाही."

२

ते घड्याळ साधंसुधं नव्हतं. परदेशी बनावटीचं, विभागातलं एकुलतं एक. आवाज ऐकल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला किती वेळ लागतो, ते त्याच्यावरच मोजायचं. ते नसेल तर शेवटच्या वर्षाच्या निम्म्या प्रात्यक्षिकांवर पाणी. पण खरं संकट हेमलतेच्या प्रात्यक्षिकांवर नव्हतंच.

ते होतं सुकदेववर.

सुकदेव साक्रीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होता. सरांनी त्याला चोर केलं ते या वर्गातलं कुणी त्याला ओळखत नाही म्हणून. वरणगावच्या फॅक्टरीत त्याची निवड झाली होती. आता फक्त कॉलेजनं चारित्र्याचा दाखला द्यायचा बाकी होता. आणि प्राचार्यांनी त्याला समोर उभं करून सांगितलं, "उद्या दुपारच्या आत घड्याळ टेबलावर पाहिजे. नाहीतर दाखल्यावर मी काय लिहीन, तुला ठाऊक आहे."

छाजेड सरांनी तर वर्गातच सांगून टाकलं, "सुकदेवनं घड्याळ लांबवलं. खोटा चोर खरा निघाला." आणि वर्ग हसला. हेमलताही हसली. जिना उतरताना मग तिला ते हसू टोचायला लागलं.

सुकदेव मुलांच्या होस्टेलच्या पायरीवर बसला होता. हेमलता समोर जाऊन उभी राहिली, तरी त्यानं मान वर केली नाही.

"मी सरांच्या वर्गातली. मला सगळं सांग. पहिल्यापासून."

"काय सांगू, ताई? बठ्ठासले सांगी सांगी तोंड दुखी गयं." मग त्यानं एक श्वास घेतला आणि जरा शहरी बोलीवर आला. "घड्याळ उचललं, पळालो. सरांच्या खोलीत गेलो. टेबलावर डबा होता. झाकण उघडलं, आत टाकलं, झाकण दाबलं, मागच्या जिन्यानं खाली. मी चोर नई शे, ताई. मायनी आन."

"डबा तोच होता?"

"टेबलवर एकच डबा व्हता. पत्र्याचा. बिस्किटाचा असतो तसला."

"आत खडू दिसले?"

"तोंडाला रुमाल, छाती धडधडे. कुणी पाहिलं तर खरंच चोर समजून मारतील, असं वाटे. आत कोण बघतो?"

"मग आवाज? खडूंवर लोखंड पडलं तर खडखडतं."

सुकदेवनं मान वर केली. आता पहिल्यांदाच तो तिच्याकडे पाहत होता.

"नई व्हयना आवाज," तो म्हणाला. "थप्प करीसन पडनं. गादीवर पडतं, तसं."

खडूंवर पडलेलं घड्याळ गादीवर पडल्यासारखं कसं वाजेल? हेमलतेच्या डोक्यात काही म्हणता काही बसेना.

३

जीवराम कॅन्टीनमध्ये सापडला. त्याच्यावर संशय घ्यायला कारण होतं. खो-खोच्या सरावासाठी त्यानं तेच स्टॉपवॉच दोनदा मागितलं होतं आणि सरांनी दोन्हीदा हाकलून लावलं होतं.

"घड्याळ गेलं कळल्यावर तू कुठं पळालास?" हेमलतेनं सरळच विचारलं.

"आली इन्स्पेक्टरीण! अगं, चहा प्यायला. अजून काय?"

"आणि त्याआधी 'धरा, धरा' म्हणून बसून का राहिलास?"

"माझा पाय मुरगळलाय ना. खो-खोत."

"लंगडत नाहीस तू."

"बसल्यावर कोण लंगडतं?" जीवरामनं बशी तोंडाला लावली. "हे बघ हेमा, तुला गुन्हेगार पाहिजे ना, तर पितांबर शिपायाला धर. सरांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं. आणि खोली उघडी टाकून हा बाबा होता कुठं? स्टुलावर नव्हता, एवढं मी पाहिलंय."

"तू पाहिलंयस म्हणजे नक्की तसं नसणार," हेमलता म्हणाली आणि निघाली. पण पितांबरनानांचं स्टूल तिच्या डोक्यात राहिलं.

नाना स्टुलावर होते आणि रागावलेले होते. सकाळपासून प्राचार्य, सर, कारकून असे सगळे त्यांना एकच विचारत होते.

"नाना, चोर खोलीत शिरताना तुम्ही पाहिला?"

"नई."

"बाहेर येताना?"

"नई."

"मग तुम्ही होता कुठं?"

"पोरी, तू कॉलेज शिकस का पोलिसमा शेस?" नाना उठले आणि सरांच्या खोलीपुढं जाऊन उभे राहिले. दाराला आता भलंमोठं नवं कुलूप होतं. सरांनी स्वतःच आणून लावलेलं. "माले काय ईचारस? आते माले बी मझार जाता येत नई."

झालं! तीन जण आणि तिघांचं मिळून एक धड उत्तर नाही. पुस्तकात सगळं कसं सोपं असतं. गुन्हेगाराची प्रवृत्ती, गुन्ह्याची संधी, गुन्ह्याचा हेतू. इथं संधी सगळ्यांना होती आणि हेतू कुणालाच धड नव्हता. हेमलतेनं पुस्तक दप्तरात असं कोंबलं की त्याचा कोपराच दुमडला.

४

संध्याकाळी मुलींच्या होस्टेलात गुलाबाई होती, खानदेशचा भोंडलाच म्हणा.

खानदेशातल्या पोरी कॉलेजात गेल्या, तत्त्वज्ञान शिकल्या, गुन्हेशास्त्र शिकल्या, तरी कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गुलाबाईपुढं टिपऱ्या घेऊन गाणी म्हणणारच. आणि गाण्यांपेक्षाही मोठी मजा म्हणजे शेवटचा खाऊ. ज्या मुलीची पाळी तिनं घरून बंद डबा आणायचा, आत काय आहे ते सांगायचं नाही, नुसता हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. नाही ओळखलं तर हरलात!

यात हेमलता राणी होती. शेव कुठली आणि चिवडा कुठला, हे ती डोळे मिटून सांगायची. शेंगदाणे खारे की साधे, हेसुद्धा एकदा सांगितलं होतं, पण ते बहुधा नशीब.

त्या संध्याकाळी पाळी होती तिच्याच खोलीतल्या प्रेमकुंवरची. प्रेमकुंवर दोंडाईच्याच्या मारवाडी व्यापाऱ्याची मुलगी, तिच्याच वर्गातली, हळू बोलणारी. सकाळीच घरून बसनं आली होती. बसला उशीर झाला म्हणून तास मात्र बुडाला होता. उशिरा येणाऱ्याला छाजेड सर दारातच सगळ्यांसमोर सोलून काढायचे, म्हणून ती वर्गात न येता लायब्ररीत बसली होती.

खाऊच्या आधी हेमलतेनं चोरीची सगळी हकीगत पोरींना रंगवून सांगितली. पोलीस बोलावणार, खोल्यांची झडती घेणार, सगळं. थोडं जास्तच रंगवलं असेल. मग प्रेमकुंवर डबा घेऊन उभी राहिली आणि हलवला.

खट्ट! खळ्‌-खट्ट!

"सुपाऱ्या!" एक ओरडली.

"अक्रोड!" दुसरी.

हेमलतेनं डोळे मिटले. कडक वस्तू. जड. पत्र्याला लागते आणि उडते. "खारका," ती ठामपणे म्हणाली.

प्रेमकुंवर डब्याकडे बघत राहिली. मग पाठमोरी झाली, झाकण उचकटलं, आत हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढलाच नाही.

"अगं, काढ ना!"

"हरलात," प्रेमकुंवर म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. आणि तिनं एकेकीच्या हातावर बेसनाचा तुपानं ओथंबलेला मऊ मऊ मगजाचा लाडू ठेवला.

सगळ्या हसल्या. राणी हरली! हेमलतेच्या तोंडात तो लाडू विरघळला, तरी तिला गोड लागेना. सकाळी डोळ्यांनी फसवलं ते फसवलं, आता कानांनीही दगा दिला. अशी पोरगी कसली गुन्हेशास्त्र शिकणार? केळी पॅक करावीत तिनं!

५

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता पुन्हा पितांबरनानांसमोर. नानांनी तोंड फिरवलं. ती दुसऱ्या बाजूनं गेली.

"नाना, आज चोराचं नाही विचारत. खडूचं विचारते."

"खडूनं?" नानांना नवल वाटलं.

काल तिला झोप लागेपर्यंत एक गोष्ट खटकत होती. सरांना नखानं फळा खरवडायची काय हौस होती? टेबलावर खडूंनी भरलेला डबा असताना कुठला मास्तर हरभऱ्याएवढा तुकडा घेऊन तासाला निघतो?

"खडूचा डबा काल सरांच्या टेबलावर होता का?"

"तो तं मी सकायलेच वर लई गयथू," नाना म्हणाले. "वरना वर्गमा खडू नव्हतात, वर्ग-वर्ग वाटत फिरनू. तास सुटना मंग परत आणी ठेवा."

"म्हणजे चोरीच्या वेळी डबा टेबलावर नव्हताच?"

"नई."

"नाना! मग हे काल का नाही सांगितलंत?"

"काल तू चोरनं ईचारं. डबानं कोठे ईचारं?"

हेमलतेला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. कुणीच विचारलं नव्हतं! कारण छाजेड सर म्हणाले होते, डबा टेबलावर होता. आणि सर म्हणाले म्हणजे होता.

पण सुकदेवनं तर डबा उघडला होता. टेबलावर एकच डबा. पत्र्याचा, बिस्किटाच्या डब्यासारखा. खडूचा नव्हता, तर मग कुणाचा? घड्याळ त्यात पडलं ते आवाज न करता. म्हणजे आत काहीतरी मऊ होतं. गादीसारखं मऊ. तुपानं ओथंबलेलं...

हेमलता व्हरांड्याच्या मधोमध थबकली.

तिचे कान चुकले नव्हतेच मुळी. डब्यात खरोखरच एक कडक, जड वस्तू होती. लाडवांच्या वर.

६

प्रेमकुंवर खोलीत पुस्तक उघडून बसली होती. पान मात्र उलटत नव्हतं.

"प्रेमू, काल तू सकाळच्या बसनं आलीस ना?"

"हो."

"होस्टेलचं फाटक तर तास सुटेपर्यंत बंद असतं. मग तेवढा वेळ डबा कुठं होता?"

"माझ्याजवळच."

"लायब्ररीत डबा घेऊन बसू देतात?"

प्रेमकुंवरनं पुस्तक मिटलं.

"डबा काढ," हेमलता म्हणाली. "प्रयोग करायचाय. तोच डबा, तेच लाडू, तीच हलवणारी. फक्त एक गोष्ट वजा. सर ह्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात, तुला माहितेय."

"लाडू आता थोडेच राहिलेत."

"चार असोत नाहीतर चाळीस, मऊ ते मऊच. हलव."

प्रेमकुंवर हलली नाही. मग हेमलतेनंच पलंगाखालून डबा ओढला आणि हलवला. भद्‌. भद्‌. उशा आपटल्यासारखं. खारीक नाही, सुपारी नाही, अक्रोड तर नाहीच नाही.

"आता सांग, काल आत काय होतं?"

प्रेमकुंवरनं उशीच्या अभ्ऱ्यात हात घातला आणि ओढणीत गुंडाळलेलं स्टॉपवॉच बाहेर काढलं. काचेला तडा गेलेला.

"मी नाही चोरलं गं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. "सरांना जर्नल द्यायला गेले होते. खोली उघडी होती, सर तासाला. खाली ठेवला तर मुंग्या लागतील म्हणून डबा टेबलावर ठेवला आणि लायब्ररीत जाऊन बसले. नंतर येऊन उचलला. संध्याकाळी हात घातला, तर बोटांना गार लोखंड लागलं!"

"मग तिथंच बाहेर का नाही काढलंस?"

"तू नुकतंच सांगून मोकळी झालीस, पोलीस येणार, झडती होणार. इतक्या जणींसमोर ते माझ्या डब्यातून काढू?"

"मग मागाहून मला सांगायचं होतंस!"

"तुला?" प्रेमकुंवरनं ओले डोळे वर केले. "तू तर दिवसभर चोर शोधत फिरत होतीस, हेमा. तुला चोर सापडला असता."

हे शब्द हेमलतेला चांगलेच लागले.

"सकाळी परत ठेवायला गेले," प्रेमकुंवर पुढं म्हणाली, "तर सरांचं कुलूप. बापूजींनी एवढं शेवटचं वर्ष म्हणून पाठवलंय. होस्टेलातून एक शब्द गेला ना, की ते जीप घेऊन येतील. परीक्षा नाही, काही नाही."

"आणि सुकदेव? त्याची नोकरी जाईल. नावाला चोर लागेल, तो जन्मभर पुसला जाणार नाही."

"तू घेऊन जा ना घड्याळ. सापडलं म्हण."

"कुठं सापडलं म्हणू?"

प्रेमकुंवरनं घड्याळ पुढं केलं. हेमलतेनं घड्याळाला हात लावला नाही. तिला मैत्रिणीची कीवही येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"ते तू आणायचंस," ती म्हणाली आणि एकटीच निघाली. प्राचार्यांनी दिलेली मुदत संपतच आली होती.

७

प्राचार्यांच्या खोलीत सुकदेव भिंतीला पाठ लावून उभा होता. छाजेड सर खुर्चीत. दाखल्याचा कोरा कागद टेबलावर. पितांबरनाना दारात.

"सर, एका साक्षीदाराचा जबाब राहिलाय," हेमलता म्हणाली आणि तिनं कागद छाजेड सरांपुढं ठेवला. "तुमचा."

"माझा? मी प्रयोगकर्ता आहे."

"तासाला निघताना तुमच्या टेबलावर काय काय होतं, तेवढं लिहा ना, सर."

"लिहा हो, छाजेड," प्राचार्य वैतागून म्हणाले. "हे प्रकरण एकदाचं संपू द्या."

सरांनी एका दमात लिहिलं आणि तोऱ्यात वाचूनही दाखवलं. "चष्म्याचं घर, दोन पुस्तकं, खडूचा डबा."

"डबा नक्की पाहिला?"

"डोळ्यांनी."

"मग, सर, त्यातला खडू का नाही घेतलात? फळ्यावर नख का घासत होतात?"

सरांनी आपल्या नखाकडे पाहिलं. हेमलतेनं नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "डबा वर व्हता, सर. मीच लई गयथू."

"रोज तो डबा तिथं असतो," हेमलता म्हणाली, "म्हणून कालही तुम्हाला दिसला. आम्हाला चाकू दिसला तसाच. सुकदेव खरं सांगतोय. त्यानं डब्यातच टाकलं. पण टेबलावर तेव्हा दुसराच डबा होता."

"कुणाचा?" प्राचार्यांनी विचारलं.

झालं. इथंच सगळं येऊन अडलं. नाव घेतलं तर प्रेमूचं वर्ष गेलं, नाही घेतलं तर हा सगळा बनाव ठरणार. हेमलतेनं ओठ चावला. सुकदेव तिच्याकडे बघत होता. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कुणाचा डबा, नेहेते? का हीसुद्धा तुमची कल्पनाच?"

"माझा."

प्रेमकुंवर दारात होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घड्याळ. धावत आल्यामुळे तिला पुढचं काही बोलता येईना. पण त्यापुढं बोलायचं राहिलंही नव्हतं.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाखला लिहिला, सही ठोकली आणि सुकदेवच्या हातात दिला. आणि छाजेड सर? सरांना आनंद झाला!

"उत्तम! प्रयोगात प्रयोगकर्ताच फसला! मी यावर परिषदेत निबंध वाचणार."

हेमलतेच्या मस्तकात तिडीक गेली. "आधी वर्गात सांगा, सर. 'लांबवलं' म्हणून तुम्ही वर्गातच सांगितलं होतंत."

"सांगू की. पुढच्या आठवड्यात."

"आता तास आहे आपला."

प्राचार्य खाकरले. छाजेड सर उठले.

वर्गात सरांनी सांगितलं, घाईघाईनं, खिडकीकडे बघत. स्मृतीचा दोष झाला, घड्याळ एका विद्यार्थिनीच्या डब्यात गेलं, सुकदेव निर्दोष आहे. कुणाच्या डब्यात, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा प्रेमकुंवर आपणहून उभी राहिली.

"डबा माझा होता. कालच कळलं होतं मला. मी गप्प बसले."

सुकदेव दाराशी उभा होता, दाखला हातात घेऊन.

"बसा, ताई," तो तिला म्हणाला. मग सरांकडे वळला. "सर, पहिल्या वर्षाला मला तुमच्याकडं मानसशास्त्र होतं. त्यानंतर परवा पहिल्यांदा तुम्ही मला नावानं हाक मारली. एवढ्या पोरांतून सरांना आपलं नाव आठवलं म्हणून मी शर्ट धुऊन, इस्त्री करून आलो होतो. चोर म्हणून मीच का, ते तेव्हा नाही विचारलं. आता विचारू?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू... म्हणजे, चपळ आहेस. आणि वर्गाला अनोळखी..."

"अनोळखी तं बठ्ठं भूगोल शे, सर. त्यामा पाडावरना मी एकलाच शे."

सर पुस्तकाची पानं चाळायला लागले. सुकदेवनं ते पाहिलं. मग दाखला घडी करून खिशात ठेवला आणि तो निघाला.

हेमलता त्याच्यामागे व्हरांड्यात धावली. "सुकदेव! मी विचारेन त्यांना. उत्तर देईपर्यंत रोज विचारेन!"

तो वळला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला. "ईचारा, ताई. माले बी सांगज्यात."

ती परत आली तेव्हा सर पुस्तकाचं पुढचं प्रकरण उघडत होते. हेमलता बाकापर्यंत गेली, पण खाली बसली नाही.